हजार वॅट की एक वीत? तालमीच्या हॉलमधल्या आवाजाचं प्रकरण

तालमीचं नाव लिहीत नाही, माणसांचीही नाही, पेठेतल्यांना कळायचं ते कळेलच. मी धंद्याने साउंडवाला नाही. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम वीसेक वर्षं केलंय आणि लहानपणी हार्मोनियमच्या दोन परीक्षा दिल्यात, एवढ्या भांडवलावर हे काम माझ्या गळ्यात पडलं. झालं ते जसंच्या तसं लिहितोय, चुकांसकट, कारण आमच्यासारखे हॉल कोल्हापुरात गल्लीगल्लीत आहेत आणि सगळीकडे हाच वाद चालू असतो.

पार्श्वभूमी

शिवाजी पेठेतली तालीम. खाली आखाडा, मागच्या बाजूला ४० फूट बाय २४ फुटांचा हॉल, खाली गुळगुळीत फरशी, तिन्ही बाजूंनी ऑइलपेंट मारलेल्या भिंती आणि डोक्यावर पत्रा. महिन्यातून एकदा तिथं गाण्याची बैठक होते, साठ-सत्तर माणसं येतात, कोजागिरीला ऐंशीच्या वर. गाणाऱ्या बहुतेकदा आमच्या पेठेतल्याच एक बाई, क्लास घेतात, काळी चार पट्टीत गातात, सोबत पेटी, तबला आणि मोबाईलवरचा तंबोरा. तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध मिरज पन्नास किलोमीटरवर असून तंबोरा मोबाईलवर, हे आण्णांना अजून पचलेलं नाही.

आण्णा म्हणजे अध्यक्ष, वय शहात्तर. तरुणपणी गायन समाज देवल क्लबात बसून गाणं ऐकलेला माणूस. ती संस्था १८८३ ची, त्यामुळे आण्णांच्या बोलण्यात तिचा उल्लेख साधारण दर दहा मिनिटांनी येतो.

हॉलमध्ये जुना १२० वॅटचा अँप्लिफायर होता आणि भिंतीवर नऊ फुटांवर दोन कॉलम स्पीकर, शंभर व्होल्ट लाईनवाले, म्हणजे लांब वायरिंगसाठी आत ट्रान्सफॉर्मर असलेले, जसे देवळात आणि शाळेत असतात तसे. मूळचे सूचना देण्यासाठी बसवलेले, पण मग त्यावरच भजन, त्यावरच हळदीकुंकू, त्यावरच बैठक.

अडचण नेमकी काय होती

तक्रार एकच होती, "मागं ऐकू येत नाही." दर बैठकीनंतर कोणीतरी म्हणायचंच. मग पुढच्या वेळी पोरं आवाज वाढवायची, की शिट्टी, मग जरा कमी, परत वाढव, परत शिट्टी. पुढच्या रांगेतले कानावर हात ठेवायचे आणि मागचे तरीही म्हणायचे ऐकू येत नाही.

इथं पहिली चूक आमची सगळ्यांची. "ऐकू येत नाही" याचा अर्थ आम्ही "आवाज लहान आहे" असा धरला, कोणी विचारलंच नाही की नेमकं काय ऐकू येत नाही. मी एका बैठकीला मुद्दाम शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलो तेव्हा लक्षात आलं, आवाज चांगला मोठा होता, बाईंचा सूर कळत होता, राग कळत होता, पण बंदिशीचा एक शब्द कळेना. तबल्याचा नुसता टण् टण्, डग्ग्याची घुमक कुठंच नाही. पेटी आणि बाईंचा गळा एकमेकांत मिसळून एकच काहीतरी पातेल्यात बोलल्यासारखं.

गाण्याच्या परीक्षेला आम्ही घोकलं होतं, नादाची तीन लक्षणं: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. तेव्हा पाठ करून मार्क घेतले आणि विसरलो, पण या प्रकरणात तेच कामाला आलं. उच्चनीचता म्हणजे सूर वरचा की खालचा, काळी चारचा षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण २०८ कंपनं, ते कुठलाही अँप्लिफायर बदलत नाही. लहानमोठेपणा म्हणजे आवाज किती, तो नॉबवर आहे. आणि जाती म्हणजे तोच सूर पेटीचा की गळ्याचा की तंबोऱ्याचा हे ज्यामुळे ओळखू येतं ते, मूळ सुराबरोबर वाजणाऱ्या वरच्या सुरांचं मिश्रण. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेतून येणारी ती गुंजणारी झणझण, हा सगळा जातीचाच खेळ. तबल्याच्या शाईचंही, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचंही तेच, शाईमुळे चामड्यातून निघणारे वरचे सूर एका हिशोबात बसतात आणि तबला सुरात लागतो, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच हे मांडलं होतं.

आमची तक्रार लहानमोठेपणाची नव्हतीच, जातीची होती. आणि आम्ही इलाज करत होतो नॉबवर.

समोर काय काय पर्याय होते

मीटिंग झाली. तालमीची मीटिंग म्हणजे चहा दोनदा.

पोरांचं म्हणणं सरळ, "काका, हजार वॅटचा घेऊया, वर एक सबवूफर, विषय संपला." कोटेशन ६२ हजारांचं आणलं होतं. पोरांच्या डोक्यात डॉल्बी. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात, त्या नावाच्या कंपनीचा याच्याशी काही संबंध नाही. एकाने तर १०,००० वॅट पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलेल्या बॉक्सचा फोटो दाखवला. त्याला म्हटलं, बाबा, २३० व्होल्टच्या पाच अँपिअरच्या सॉकेटमधून फार तर ११५० वॅट निघतात, हा दहा हजार आणणार कुठनं? आरएमएस आकडा बघ, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, बाकी सगळं खोक्यावरचं चित्र.

आण्णांचं दुसरं टोक. "माईकच नको. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते, ते काय माईक लावून गात होते काय? पॅलेस थिएटर १९१५ ला बांधलं, तिथं नट शेवटच्या रांगेला ऐकवायचे." खरं आहे, पण तेव्हा डोक्यावर चार पंखे फिरत नव्हते आणि बाहेर रिक्षा थांबत नव्हत्या. माझ्या मोबाईलमधल्या आवाज मोजणाऱ्या ॲपवर रिकाम्या हॉलमध्ये नुसत्या पंख्यांचा आवाज ४८-५० डेसिबल यायचा. मोबाईलचं ॲप म्हणजे काही प्रयोगशाळेतलं मीटर नव्हे, आकडा दोन-चारने इकडेतिकडे असणारच, पण आधी-नंतर तुलना करायला चालतं.

तिसरा पर्याय प्रत्येक वेळी साउंड भाड्याने आणायचा, कार्यक्रमाला ३५०० रुपये, वर्षाचे ४२ हजार. तिजोरीवाल्यांनी ऐकूनच मान हलवली.

चौथा मी मांडला: आधी हॉल आणि मांडणी दुरुस्त करू, मग अँप्लिफायरचं बघू. कोणाला आवडला नाही. घोंगडी टांगायला पैसे मागितले की लोक हसतात, हजार वॅट म्हटलं की वर्गणी निघते. शेवटी तडजोड झाली, दोन्ही करायचं पण हजार वॅट नाही, आकडा मी हिशोब करून सांगायचा.

हिशोब

हा भाग जरा सावकाश वाचा, इथंच सगळ्यांचे पैसे वाया जातात.

वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, कानाला "हां, जरा वाढला" एवढंच वाटतं. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. आता १२० वरून १००० वर गेलो तर वाढ साधारण ९ डेसिबल, म्हणजे ६२ हजार घालून आवाज जेमतेम दुप्पट, तोही तसाच पातेल्यातला.

मग लागतात किती? चांगला बारा इंची स्पीकर बॉक्स घेतला आणि त्याच्या कागदावर १ वॅटला १ मीटरवर ९६ डेसिबल लिहिलंय असं धरा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात, १० मीटरवर गेलं की २०. म्हणजे आमच्या शेवटच्या रांगेला १ वॅटमध्ये ७६ डेसिबल, आणि हॉलच्या भिंतींमुळे प्रत्यक्षात त्याहून जरा जास्तच. बैठकीला सरासरी ७५ च्या आसपास भरपूर झालं. एक वॅट! पोरं माझ्याकडे बघतच राहिली.

पण सरासरी म्हणजे सगळं नव्हे. बाई तार सप्तकात गेल्या, तिहाई संपून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, डग्गा पडला, की त्या क्षणी आवाज सरासरीपेक्षा १५-२० डेसिबल वर उडी मारतो. २० डेसिबल म्हणजे शंभरपट, म्हणजे त्या क्षणाला १०० वॅट पाहिजेत. ते नसले तर अँप्लिफायर लाटेचा माथा सपाट छाटतो, लाल लाईट पेटते ती तेव्हाच. आणि माथा छाटला की आवाज नुसता अडत नाही, बाईंच्या गळ्यात नसलेले वरचे सूर त्यात घुसतात, आवाज चिरका होतो, म्हणजे परत जातीलाच धक्का. ट्विटर, म्हणजे बॉक्समधले वरच्या सुरांचे छोटे स्पीकर, जळतात तेही बऱ्याचदा यामुळेच, छोटा अँप्लिफायर फुल्ल पिळल्याने. लोक समजतात मोठ्या अँप्लिफायरनेच स्पीकर जळतो, तसंही होतं, पण दुसरी बाजू कोणी सांगत नाही.

म्हणून आकडा काढला: एका बाजूला १५० वॅट आरएमएस, दोन बाजू, ८ ओहमचे दोन बॉक्स. रोजच्या वापरात त्यातले वॅट-दोन वॅट चालणार, बाकी सगळे समेसाठी राखीव.

दुकानातला घोळ

दुकानात गेलो तर विक्रेत्याने दोन अँप्लिफायर एकामागून एक लावून दाखवले आणि दुसरा सगळ्यांना आवडला, मलाही. आवाज भरदार, मोकळा. सात हजारांनी महाग. घ्यायचंच ठरत होतं, तेवढ्यात सवयीने मोबाईलचं ॲप उघडलं तर दुसरा तीन डेसिबलने मोठा वाजत होता. कानाला एवढा फरक बऱ्याचदा "मोठा" म्हणून कळत नाही, "चांगला" म्हणून कळतो. दोन्ही एका पातळीवर आणून परत ऐकले, मग आमच्यातल्या चौघांपैकी कोणालाच कुठला कुठला ते सांगता येईना. विक्रेत्याने मुद्दाम केलं असं म्हणत नाही, पण आमचे सात हजार वाचले.

प्रत्यक्ष काय केलं

आधी हॉल. रिकाम्या हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि मोजलं, जवळजवळ दोन सेकंद ती घुमत राहिली. अशा हॉलमध्ये बॉक्सपासून चार-पाच पावलं मागे गेलं की बॉक्समधून थेट येणाऱ्या आवाजापेक्षा भिंतींवरून परतणारा आवाजच जास्त असतो. आता नॉब फिरवला तर दोन्ही बरोबरीने वाढतात, थेट आवाजही आणि घुमणंही, त्यामुळे शब्द काही सुटे होत नाहीत. मागच्यांना ऐकू न येण्याचं खरं कारण हे होतं.

मागच्या भिंतीला सहा जाड घोंगड्या टांगल्या, भिंतीला चिकटवून नाही, चार बोटं अंतर सोडून, त्याने खालचे सूरही थोडे जास्त शोषले जातात. फरशीवर सतरंज्या भिंतीपासून भिंतीपर्यंत. परत टाळी वाजवली. आण्णा म्हणाले, "आता टाळी मेली." मेली म्हणजे बरं झालं.

मग बॉक्स. नऊ फुटांवरून समोरच्या भिंतीवर आवाज मारणारे कॉलम बंद केले, नवीन बॉक्स सहा फुटी स्टँडवर, तोंड किंचित खाली, बसलेल्या माणसांच्या डोक्यांकडे, आणि गाणाऱ्यांच्या पुढे, म्हणजे माईकच्या तोंडावर आवाज येणार नाही. एक उत्साही पोरगा जुने कॉलमही नव्या अँप्लिफायरला जोडत होता "आहेत तर वापरू" म्हणून, त्याला वेळेत थांबवलं. शंभर व्होल्ट लाईनचे स्पीकर आणि ८ ओहमवाला अँप्लिफायर, ही सोयरीक जमत नाही.

मग माईक. आधी चार असायचे: बाई, पेटी, तबला, डग्गा. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी साधारण ३ डेसिबल लवकर येते, म्हणजे एकावरून चारवर गेलात तर ६ डेसिबल गेले. सत्तर माणसांच्या हॉलात पेटीला माईक कशाला? काढला. तबल्याचाही काढला, डग्ग्याचा ठेवला पण अगदी बारीक. तबलजींना वाईट वाटलं, दोन दिवस बोलले नाहीत.

आणि आता एक वीत. बाईंचा माईक स्टँडवर दीड फूट लांब असायचा, बाईंना तोंडासमोर काही आवडत नाही. मी माझी वीत माईकपासून त्यांच्या हनुवटीपर्यंत धरून दाखवली, म्हटलं, "बाई, एवढ्या अंतरावर बसा, माईक तोंडासमोर नको, हनुवटीच्या खाली तिरका ठेवू, म्हणजे प आणि फ फुटणार नाहीत." दीड फुटावरून पाऊण फुटावर आल्यावर माईकमध्ये ६ डेसिबल जास्त येतात, फुकट. तेवढेच ६ डेसिबल अँप्लिफायरकडून हवे असते तर चौपट वॅट घ्यावे लागले असते. अजून जवळ गेलं तर मात्र खालचा आवाज फुगतो, गळा जड वाटायला लागतो, म्हणून वीतभरच.

पहिल्या बैठकीला काय झालं

सगळं नीट होऊनही पहिला अर्धा तास वाईट गेला आणि चूक माझी. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये, पंखे बंद, आवाज अगदी हळू ठेवून मी टोन लावला होता. हळू आवाजात डग्गा बारीक वाटला म्हणून बास थोडा चढवला, वरचं जरा उघडलं. कानाची गंमत अशी की हळू आवाजात खालचे सूर कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते आपोआप भरून येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवलेत आणि घरच्या जुन्या स्टिरिओवरचं लाऊडनेसचं बटण त्याच्यासाठीच असायचं. मला हे माहीत होतं आणि तरी मी तेच केलं. संध्याकाळी आवाज चढवल्यावर डग्गा ढोलासारखा घुमायला लागला. त्यात सत्तर माणसं बसली की त्यांचे कपडे नि अंगं वरचा आवाज शोषतात, म्हणजे दुपारी लावलेलं काहीच लागू नाही. मध्यंतरात बास सरळ मधोमध आणला आणि मग गाणं सुटलं.

दुसऱ्या भागात शेवटच्या रांगेत मोजलं, सरासरी ७४ ते ७६. लाल लाईट एकदाही नाही. बंदिशीचे शब्द मागच्या भिंतीपर्यंत स्वच्छ, आणि मोबाईलच्या तंबोऱ्यातही थोडी जवारी आहे हे पहिल्यांदाच कळलं. नंतर खिडकीबाहेर बोळात उभं राहून बघितलं तर गाणं ऐकू येत होतं पण रस्त्याच्या आवाजात मिसळून. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, त्यामुळे आम्ही पावणेदहालाच आवरतो, शेजारच्या काकूंचीही तीच मर्यादा आहे.

बैठक संपल्यावर बाईंनी स्वतःच्या पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि नॉब जिथं होता तिथं पॅनेलवर एक लाल टिकली चिकटवली. "इथंच ठेवा, पोरांना सांगा." ती टिकली अजून आहे.

तक्रार एकच आली, एका आजोबांची, कानाला मशीन आहे. त्यांच्यासाठी आवाज वाढवला असता तर बाकी एकोणसत्तर जणांना त्रास, म्हणून त्यांना उजव्या बॉक्ससमोर दुसऱ्या रांगेत खुर्ची दिली. तबलजीही बोलायला लागले, त्यांच्या एका शिष्याने मागून रेकॉर्डिंग करून ऐकवल्यावर.

परत करायचं झालं तर

खरं सांगायचं तर अँप्लिफायर आम्ही घाईने घेतला. घोंगड्या टांगून, माईक कमी करून, नुसते बॉक्स बदलून आधी एक बैठक जुन्या १२० वॅटवर करायला पाहिजे होती. तो शंभर व्होल्टचा असला तरी त्याच्या मागे ८ ओहमचं टर्मिनल होतं, मी नंतर बघितलं. ऐंशी माणसांना तो बहुधा पुरला असता आणि तेवढ्या पैशात मिरजेचा खरा तंबोरा आला असता. हे आण्णांना अजून सांगितलेलं नाही.

दुसरं, टोन माणसं बसल्यावर लावायचा, बाईंच्या पहिल्या आलापात, दुपारी नाही. आणि पहिल्याच तक्रारीला विचारायला पाहिजे होतं, "ऐकू येत नाही की कळत नाही?" दोन वर्षं वाचली असती.

एक गोष्ट राहिली

जुलैची बैठक. कोल्हापूरचा पाऊस आणि डोक्यावर पत्रा. मारू बिहाग सुरू होऊन दहा मिनिटं झाली आणि सर आली, ॲपवर नुसता पावसाचा आकडा ७५ च्या पुढे. पोरगा टिकलीच्या पलीकडे नॉब न्यायला उठला. मी मनातल्या मनात हिशोब केला, पावसाच्या वर १५ डेसिबल काढायचे तर वॅट तीसपट. त्याला खूण केली, त्याने उलट अँप्लिफायरच बंद केला. बाई थांबल्या नाहीत. लोक सतरंजीवरून सरकत सरकत पुढे आले, पार पेटीच्या भात्याला गुडघे लागेपर्यंत, आणि तासभर तसंच गाणं झालं. आण्णा पुढच्या रांगेत बसून माझ्याकडे बघत होते, काही बोलले मात्र नाहीत.

यंदापासून जुलै-ऑगस्टची बैठक शेजारच्या शाळेच्या स्लॅबच्या हॉलात ठरली आहे. परवा जाऊन टाळी वाजवून आलो, तिथं तीन सेकंद घुमते. घोंगड्या मोजायला घेतल्यात.